बिरोबाचा ढोल आणि सूनबाईंचा अर्ज

निवृत्त पोलीस म्हटला की लोक खून-दरोडे विचारतात. मीही सांगतो, चहा संपेपर्यंत. पण अख्ख्या नोकरीत छाती फुगवून सांगावी अशी केस कोणती, असं कोणी विचारलं तर माझ्या डोळ्यांसमोर आजही एका ढोलाची चोरी उभी राहते. हसू नका. त्या ढोलापायी दोन गावांत डोकी फुटायची वेळ आली होती, आणि ती फुटली नाहीत याचा मला अजून अभिमान आहे. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं हयात आहेत आणि त्यांच्या घरची भाकरी मी खाल्लेली आहे.

तेव्हा मी जालना रोडवर, करमाडच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सोमवारची सकाळ म्हणजे ठाण्यात बाजार भरलेला. रात्रीचा अंमलदार डायरी सोपवतोय, कोर्टाची माणसं समन्स मागताहेत, आणि वायरलेसवर कोणीतरी कुणालातरी झापतंय. तेवढ्यात दोन जीप भरून माणसं उतरली. सगळ्यांच्या पुढे एक बाई. पस्तिशीची, गावची अंगणवाडी सेविका, काखेत फायलींची पिशवी.

"साहेब, आमच्या बिरोबाचा ढोल चोरीला गेलाय. आन् चोर कोन ते बी आमाला ठावं हाय."

"मग मला कशाला त्रास देता? धरूनच आणायचा होता."

"त्याच्या दारात जाऊन आलो. धरला असता तर खून पडले असते. म्हनून माघारी फिरून तुमच्याकडं आलो."

बाई डोक्यानं चालणारी होती, हे मी तिथंच ओळखलं. तिला बसवलं, पाणी दिलं आणि बाकीच्यांना झाडाखाली पिटाळलं.

तिची हकिगत अशी. गावात धनगरांची जुनी वस्ती. ढोल, झांज आणि ओवी ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कला. पण ओवी म्हणणारी म्हातारी माणसं एकेक करून जात होती आणि तरणी पोरं शेंद्र्याच्या कंपन्यांत. म्हणून या बाईंनी मंडळ नोंदवलं आणि गावातल्या पोरापोरींसाठी ढोल-ओवीचा वर्ग काढायला सरकारी अनुदानाचा अर्ज केला. पहिल्यांदा ठरावावर सही नाही म्हणून अर्ज परत आला, दुसऱ्यांदा फोटो स्पष्ट नाहीत म्हणून. तिसऱ्यांदा छाननीतून पार पडला. आता येत्या गुरुवारी शहरातल्या नाट्यगृहात समितीपुढं सादरीकरण होतं. त्यावरच सगळं अवलंबून. आणि सोमवारी पहाटे देवळातला ढोल गायब.

"दुसरा ढोल नाही का?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अभद्रच बोललो होतो. "साहेब, त्यो बिरोबाचा ढोल हाय. त्याच्याबिगर आमची मानसं पाय उचलत नाय."

संशय होता शेजारच्या गावातल्या एका ढोलकऱ्यावर. त्यांच्या मंडळाचाही अर्ज त्याच योजनेत होता, आणि त्या पोरावर हाणामारीचा एक जुना गुन्हा. गावाच्या मते तेवढा पुरावा बास. अख्खं गाव पहाटेच त्याच्या दारात जाऊन आलं होतं. मी फिर्याद लिहून घेतली, गुन्हा दाखल केला आणि हवालदाराला घेऊन घटनास्थळी निघालो. ढोलाच्या चोरीला ठाणेदार स्वतः येतो म्हटल्यावर गावाचा राग निम्मा उतरला. माणसाला न्याय नंतर मिळाला तरी चालतो, दखल आधी लागते.

देऊळ गावाच्या कडेला. दाराला साधी कडी, कुलूप नाही. आत लाकडी खुंटी रिकामी. पण खुंटीखाली मूठभर ताजा भंडारा वाहिलेला आणि फोडलेल्या नारळाची एक कवड. ढोलाबरोबर शेजारची घोंगडीही गेली होती.

हवालदार म्हणाला, "साहेब, चोर लई भाविक दिसतोय. परवानगी काढून चोरी केली बेट्यानं."

तो गमतीनं बोलला, पण मी पंचनाम्यात भंडारा आणि नारळ दोन्ही लिहून घेतले. देवळात चोरी करणारे मी पुष्कळ पाहिलेत. ते दानपेटी उचलतात आणि देवाकडे पाठ करून पळतात. नारळ फोडणारा चोर माझ्या पाहण्यात नव्हता.

देवळाचे पुजारी म्हणजे या बाईंचे सासरेच. सत्तरीचा म्हातारा, डोक्याला लाल फेटा. त्यांचा जबाब दोन ओळींचा. "राती झोपलो. सकाळी ढोल नाय." सून बोलत होती तेव्हा ते खांबाकडे पाहत होते. तेही मी लक्षात ठेवलं, कागदावर नाही.

रीत म्हणून एक शिपाई शहरात गुलमंडीकडे वाद्यांच्या दुकानांत पाठवला. जुना ढोल विकायला कोणी आलं का, विचारायला. काही हाती लागलं नाही. संध्याकाळी त्या ढोलकऱ्याला ठाण्यात बोलावलं. बाहेर त्याच्या गावची माणसं, रस्त्यापलीकडे बाईंच्या गावची. मी मध्ये चार शिपाई उभे केले आणि त्याला आत घेतलं.

पोरगा उंचापुरा आणि तोंडाचा फटकळ. हवालदारानं नुसती काठी टेबलावर ठेवली, तर म्हणाला, "ठिवा की. मी बी टिपऱ्यांवरच वाढलोय."

मला हसू आलं, पण दाबलं. "ढोल कुठंय?"

"साहेब, मला चोर म्हना, पन येडा म्हनू नका. त्यो ढोल चोरून मी करू काय? वाजवला तर दहा गावं वळखतील. आन् त्यो कौलाबिगर शिव वलांडत नाय. माझ्या गावात घेऊन गेलो तर माझाच बाप मला उभा चिरील."

"कौलाबिगर म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. हा ढोल गावाची शीव ओलांडणार असेल तर आधी देवाला विचारायचं. पुजारी देवाच्या अंगावर फूल लावतो. उजवीकडून पडलं तर होकार, डावीकडून पडलं तर नकार. नकार आला तर ढोल खुंटीवरून हलत नाही.

"मग गुरुवारी शहरात जायचं म्हणून त्यांनी कौल लावला असेल की."

"लावलाच असंल. म्हाताऱ्यालाच ठावं."

मी खुर्चीत मागं टेकलो. भंडारा, नारळ, खांबाकडे पाहणारा म्हातारा, सगळं एका ओळीत आलं. पोराला चहा पाजला, जबाबावर सही घेतली आणि आमच्या जीपमधून त्याच्या घरी सोडला. रस्त्यापलीकडचे लोक खवळले. त्यांना म्हणालो, "ढोल उद्या मिळेल. आणि तोवर कोणी दगड उचलला तर तो हात मी ओळखेन." एवढ्यावर पांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच देवळात गेलो. म्हाताऱ्याशेजारी पायरीवर बसलो, तंबाखू मळली, अर्धी त्यांना दिली. आमच्या खात्यात पुष्कळांचा समज आहे की चौकशी म्हणजे आवाज. मी उलट केलं. गप्प बसलो. बऱ्याच वेळानं एवढंच विचारलं, "बाबा, कौल काय आला होता?"

म्हाताऱ्याचा तंबाखूचा हात तोंडाशीच थांबला.

"डावा," ते म्हणाले.

"मग सुनेला सांगायचं की."

"कसं सांगू, साहेब? उनातानात एस्टीनं हेलपाटे घातले पोरीनं. दोनदा अर्ज माघारी आला, दोनदा रडली. तिसऱ्या टायमाला दारात आलं, आन् म्या म्हनू देव नको म्हनतो? तिला नाय म्हनवंना, देवाला बी नाय म्हनवंना. म्हनलं, ढोलच नसला तर कुनालाच नाय म्हनायची पाळी येनार नाय."

"आणि ते पोरगं नाहक आत गेलं असतं तर?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "रातभर त्योच इचार केला. तुमच्याकडं यायला निघालो व्हतो. पाय उचलंना."

ढोल होता त्यांच्या भावाच्या मेंढरांच्या तळावर. अगदी शिवेवरच्या रानात, पण शिवेच्या आत. तरटावर ठेवून, घोंगडीत गुंडाळून, वर ओल लागू नये म्हणून कागद टाकलेला. चोर माल लपवतो, यांनी तो जपला होता.

आता आली खरी पंचाईत. नियमानं मुद्देमाल जप्त करून ठाण्यात आणायचा, आणि ठाणं शिवेबाहेर! हवालदार माझ्या तोंडाकडे, मी ढोलाकडे. शेवटी जागेवरच जप्ती पंचनामा केला आणि तिथंच फिर्यादी बाईंच्या ताब्यात सुपूर्दनाम्यावर दिला. न्यायालयाला तसं कळवलं. पुढे गैरसमजुतीचा प्रकार म्हणून 'क' समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, पाठवली, ती मंजूरही झाली.

सूनबाईंना सगळं कळलं तेव्हा त्यांनी काखेतली फायलींची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मामा, अवो मला सांगितलं असतं तर अर्ज फाडून टाकला असता. त्या पोराच्या दारात म्या अख्खं गाव नेलं. चोर म्हनले त्याला, त्याच्या आयसमोर!"

म्हातारा खाली मान घालून उभा. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाबा, देवाला नेमकं काय विचारलं होतं?"

"शहरात ढोल न्यू का, असं."

"म्हणजे देव शहरात नको म्हणाला. वाजवायला नको कुठं म्हणाला? वर्ग नको कुठं म्हणाला? समिती इथं आली तर?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. मी काही मोठा भक्त नाही. पण जन्मभर प्रश्न विचारून पगार घेतलाय. अर्धा प्रश्न विचारला की अर्धंच उत्तर येतं, मग पुढे आरोपी असो की देव.

बुधवारी सकाळी पुन्हा कौल ठरला. मी त्या ढोलकऱ्याला निरोप पाठवला. तो त्याच्या आईला घेऊन आला. आईला पाहताच सूनबाई पुढे झाल्या आणि सगळ्या गावादेखत तिच्या पाया पडल्या. म्हातारी म्हणाली, "असू दे बाय. माझं ध्यान बी काय कमी वांड नाय." पोरगं लाजून दुसरीकडे बघायला लागलं.

म्हाताऱ्यानं फूल लावलं. मग मागं सरून सुनेला म्हणाले, "तू इचार. अर्ज तुझा हाय."

बाईमाणसानं कौल मागायची तिथं रीत नव्हती. गर्दीत कुजबुज झाली. म्हाताऱ्यानं एकदा मागं वळून पाहिलं आणि कुजबुज थांबली.

बाईंनी पदर खोचला आणि हात जोडले. "बिरोबा देवा, मी तुझ्या पुजाऱ्याची सून. अंगनवाडी सेविका. राहनार इथलीच. उद्या दुपारी समितीच्या सायबांना तुझ्या पारावर बोलावते. ढोल शिवेबाहेर जानार नाय. वर्ग पोरापोरींसाठी हाय, माझ्या घरासाठी नाय. शेजारच्या गावची लेकरं बी त्यात बसतील. मंजूर असंल तर उजवा दे. नसंल तर म्या अर्ज माघारी घेते, पुन्हा मागनार नाय."

स्थळ, वार, कारण, सगळं भरलेलं. इतका बिनतोड अर्ज बिरोबाकडं आजवर कोणी केला नसेल. पण फूल काही हलेना. मी, खाकीतला माणूस, मनातल्या मनात म्हणत होतो, दे रे बाबा, पोरीला उजवा दे.

फूल पडलं. उजवीकडं.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" असा काही गजर झाला, की माझी टोपी कधी हातात आली ते मला कळलं नाही.

तशाच बाई एस्टी धरून शहरातल्या कार्यालयात निघाल्या. मी म्हणालो, जीपमध्ये बसा, मलाही तिकडे काम आहे. काम काही नव्हतं. तिथले बाबू आधी म्हणाले, सादरीकरण नाट्यगृहातच, ठिकाण बदलता येत नाही. बाईंनी विचारलं, "तसं कुठं लिहिलंय ते दाखवा. नियम माझ्याकडं बी हाय." बाबूंनी माझ्याकडं पाहिलं. मी एक शब्द बोललो नाही. नुसता मिशीवरून हात फिरवत बसलो. चहा आला, त्याच्यामागून साहेब आले, आणि समिती गावात यायला तयार झाली. श्रेय बाईंचं. मी फक्त खुर्ची अडवली होती.

गुरुवारी समिती आली. पाराभोवती दोन्ही गावं. म्हाताऱ्यानं ढोल खुंटीवरून काढला, भंडारा लावला आणि सरळ चालत जाऊन त्या ढोलकऱ्याच्या गळ्यात घातला. तो गडबडला. म्हातारा म्हणाला, "वाजीव. तुझ्यावर आळ आला, मान बी तुझाच." मग त्या पोरानं जो वाजवला, काय सांगू! समितीतले एक गृहस्थ आधी घड्याळ बघत होते, ते शेवटी बूट काढून उभे राहिले. त्या वर्षी बाईंच्या मंडळाला अनुदान मंजूर झालं. बाईंच्या वर्गात दोन्ही गावची मुलं बसू लागली, आणि मुलीही ढोलाला हात घालू लागल्या.

या केसमध्ये ना आरोपी, ना शिक्षा. माझ्या सेवापुस्तकात तिची ओळही नाही. पण मी नव्या फौजदारांना हीच सांगायचो. गुन्ह्यामागं दर वेळी हाव नसते. कधी कधी माणूस फक्त दोन लाडक्यांपैकी कुणालाच नाही म्हणू शकत नाही. अशा माणसापुढं काठी आपटून उपयोग नाही. त्याच्या शेजारी बसावं लागतं.

माझी बदली झाली तेव्हा ठाण्यात छोटा निरोपसमारंभ होता. हार, पेढे, दोन भाषणं. तेवढ्यात रस्त्यावरून ढोल ऐकू आला. मी बाहेर आलो. लाल फेट्यातला म्हातारा पुढं, शेजारी फायलींची पिशवी काखेत घेतलेली सूनबाई, मागं वर्गातली मुलं आणि झांजा. आणि त्या ढोलकऱ्याच्या गळ्यात बिरोबाचा ढोल. शिवेबाहेर!

मी घाबरूनच विचारलं, "बाबा, कौल?"

"इचारलं की. सायबाच्या निरोपाला ठान्यापातुर न्यू का म्हनलं. फूल लावायचा अवकाश, उजवं पडलं." म्हातारा पायऱ्या चढून आला आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला.

"घ्या साहेब, मुद्देमाल हजर हाय. तवा आनायचा ऱ्हायला व्हता."