निवृत्तीआबांची नजर

नवं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, आणलं की निवृत्तीआबा त्याला लगेच हात लावत नसत. माशांच्या काचेच्या टाकीसमोर पाट टाकून अर्धा तास नुसते बसत. पाणी कुठून वाहतं, दिव्याचा उजेड कुठे किती पडतो, हे बघून झालं की काचेवर पंजा ताणून अंतर मोजत. "शेजार वीतभर लांबच बरा, साहेब. दिसायला फुलं हायेत, पण एकमेकाला डसत्यात." तरुणपणी दिंडोरीला द्राक्षांची छाटणी केलेला, पुढे नाशकात माशांच्या दुकानात उभा जन्म काढलेला हा माणूस म्हातारपणी आमच्यासारख्या हौशी लोकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळायचा.

"तुम्ही सोफा बघून जागा ठरवता, मी उजेड बघून," ते मला म्हणत. खोटं नव्हतं ते. गंगापूर रोडच्या आमच्या हॉलमधली टाकी मी मुळात पाहुण्यांसाठीच घेतली होती.

सोनेरी टॉर्च कोरल आलं, तेव्हा माझी बायको सीमा माहेरी पिंपळगावला होती. आबांनी ते एका कोपऱ्यात, एकटं ठेवलं. "रातच्याला दिवे गेले की ह्याच्या सोंडा लय लांब जात्यात, शेजाऱ्याला डसत्यात," म्हणाले. मला काही ते रुचलं नाही. रविवारी ऑफिसचे मोठे साहेब जेवायला यायचे होते. मी बाही वर सारली आणि ते उचलून मधोमध ठेवलं, सीमाने चार वर्षं वाढवलेल्या जांभळ्या कोरलच्या शेजारी. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं. मग ते तिथेच राहिलं.

पंधरा दिवसांनी आबा आले, तोवर जांभळं कोरल अर्धं पांढरं पडलं होतं. माहेरून परतलेली सीमा रडवेली झाली होती. "आबा, असं कसं झालं हो?"

आबा वाकून बघत राहिले. "हे मी हितं ठिवलं?"

"तुम्हीच ठेवलंत, आबा," मी म्हणालो. इतक्या सहज, की आजही आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग नजर गेली म्हणायची माझी."

मला वाटलं, विसरतील. पण त्यानंतर ते प्रत्येक वेळी मला विचारू लागले, "साहेब, हितं ठिवू का?" कधी कुणाचं न ऐकणारा माणूस! तीन महिन्यांत त्यांनी सगळ्या घरांचं काम सोडलं. "लोकांची जितराबं माझ्या हातानं मराया नको," म्हणाले आणि मुलाकडे दिंडोरीला गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

वर्षभर गप्प बसलो. गेल्या महिन्यात राहवेना, तेव्हा दिंडोरीला गेलो. आबा मुलाच्या द्राक्षबागेच्या कडेला बसले होते. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी चार शिव्या घालाव्यात, असं मनापासून वाटत होतं.

"म्हंजी माझं चुकलं नव्हतं?"

"नाही, आबा."

"मी कोपऱ्यातच ठिवलं व्हतं?"

"कोपऱ्यातच."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. माझ्यावर रागवायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही. ते मांडवाखाली काम करणाऱ्या सुनेकडे वळून ओरडले, "अगं, ऐकलं का? माझं चुकलं नव्हतं! साहेब एवढ्या लांबून सांगाया आले, बघ, किती चांगला माणूस!"