नावाची जाळी

“कापलं म्हणू नका भाऊ, सोडवलं म्हणा.” असं म्हणत अक्का सुईच्या टोकानं कागदातून अक्षर अलगद उचलायच्या, तळहातावर घ्यायच्या आणि त्यावर हळूच फुंकर मारायच्या. बांगडी फुटली तरी आपण वाढवली म्हणतो, निघताना जातो न म्हणता येतो म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. बाळाच्या नावाला ‘कापलं’ हा शब्द त्यांना चालत नसे.

लातूरला आमच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आणि समोर अक्कांचं वह्या-पेनांचं. पण अक्कांची ख्याती होती ती हातानं केलेल्या शुभेच्छा कार्डांची, त्यातही बारशाच्या. टेबलावर हातानं फिरवायचं एक यंत्र होतं, रसवंतीच्या चरकाचं धाकटं भावंडच म्हणा. पोलादी साच्यावर रंगीत कागद ठेवायचा, दांडा फिरवायचा, की हत्ती, चांदोबा, बेलाचं पान, हवं ते सुटून यायचं. मराठी अक्षरांचे साचे त्यांनी नांदेडहून खास करवून आणले होते. त्यातली मात्रा तर नखाएवढी.

बारशाचं कार्ड पाळण्याला बांधायचं आणि आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की मगच उघडायचं. नाव ठरवणार आत्या, त्यामुळे ते आधी दोघींनाच ठाऊक, आत्याला आणि अक्कांना. आत्या घडी केलेली चिठ्ठी देऊन जाई आणि तिच्या मागोमाग मावश्या, माम्या दुकानात हजर. कुणी खोडरबर घ्यायला, कुणी उगीच.

“अक्का, पहिलं अक्षर तरी सांगा की.”

अक्का मान न उचलता म्हणायच्या, “मला अक्षरं येतेत बाई, नावं न्हाई येत.”

अक्षरं निघाली की मागं भोकाभोकांचा कागद उरतो, त्याला त्या जाळी म्हणत. उजेडात धरली की नाव सरळ वाचता येतं. एकदा असलीच एक जाळी कचऱ्यात गेली, गल्लीतल्या पोरांनी वाचली आणि बारशाआधीच ते नाव दारोदार झालं. आत्याबाई न जेवता परत गेल्या. तेव्हापासून काम झालं की अक्का जाळी बादलीतल्या पाण्यात टाकायच्या आणि लगदा होईपर्यंत चुरगाळायच्या. मी त्यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा केली आहे. “अक्का, बँकेत लॉकर घ्या की,” म्हणायचो.

मग माझ्याच घरी प्रसंग आला. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती. नात झाली, दिवस भरायच्या आधीच, पण रडली जोरात. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. जावयाची बहीण मुखेडहून एसटीनं आली आणि अक्कांच्या हातात चिठ्ठी देऊन माझ्याकडे बघून हसली. दहाव्या दिवशी बाळाला धाप लागली, ओठ निळे पडले. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांकडे गेलो. आधी तयारी केली म्हणूनच हे झालं असं घरातल्या बायका म्हणत होत्या, आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

“कार्ड फाडून टाका,” मी म्हणालो.

“सोडवून झालंय भाऊ. आता फाडत न्हाई.”

“नात माझी आहे, अक्का.”

“हाव. नाव तिचं हाय.”

माझा आवाज चढला. काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. तुम्हाला मूलबाळ असतं तर कळलं असतं, इथपर्यंत बोललो.

तेवढ्यात मला टेबलावरच्या काचेखाली ती जाळी दिसली. गुलाबी कागदाची. कधी नव्हे ते पाण्यात टाकलेली नव्हती. मी काच उचलून ती ओढून काढली. डोक्यात एकच होतं, ही पोर गेली तर बिननावाची जाईल, निदान मला तरी ठाऊक असू दे तिला काय म्हणायचं ते. मी कागद उजेडाकडे नेणार तोच अक्कांनी त्यावर तळहात ठेवला.

“तुमच्या आधी तिला ऐकू द्या,” त्या म्हणाल्या. “पोरगी घरी आल्याबिगर मी हे पाण्यात टाकत न्हाई.”

त्यांनी हात उचलला नाही. मी कागद सोडून दिला.

त्यानंतर रोज सकाळी मी दवाखान्याला जाताना त्या दारात उभ्या असायच्या. “पेटीतच हाय?” “हाव.” “बरं.” एवढंच बोलणं. त्या दिवसांत बारशाचं दुसरं एकही कार्ड त्यांनी घेतलं नाही. “साचे मोकळे न्हाईत,” म्हणायच्या. साचे समोरच पडलेले असत, गिऱ्हाईक चिडून निघून जाई.

एका दुपारी मी दुकानात असताना मोबाइल वाजला. दवाखान्यातून बायकोचा फोन. मी नुसता बघत राहिलो, बोट पुढं जाईना. अक्का समोरून रस्ता ओलांडून आल्या आणि त्यांनी फोन उचलला.

“हाव… हाव… कवा?… बरं.”

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग फोन माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “पेटीतून काढलंय. आईचं दूध पेली. जावा की, बसलाव कशाला.”

बारसं चाळिसाव्या दिवशी झालं. आत्यानं कानात नाव सांगितलं, मी कार्ड उघडलं. अक्का मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी माफी मागायला गेलो तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. “ऐकलं का तिनं? कानाजवळ म्हणले ना नीट?” एवढंच विचारलं. त्याच संध्याकाळी त्यांना दुकानात बादली भरताना मी पाहिलं.

मागच्या हिवाळ्यात अक्का गेल्या. तापाचं निमित्त झालं. नांदेडचा भाचा दुकान आवरायला आला, मीही मदतीला गेलो. टेबलाच्या खणात, अगदी तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीत एक जाळी निघाली. पिवळी पडलेली. यंत्रावरची नव्हती, ब्लेडनं कोरलेली होती. कडा वाकड्यातिकड्या, एका वेलांटीपाशी फाटून पुन्हा चिकटवलेली. हात बसायच्या आधीचं काम होतं ते.

“मावशीला एक पोरगं झालतं म्हणतेत,” भाचा म्हणाला. “बारशाआधीच गेलं, दवाखान्यातच. मी तवा जन्मलोबी नव्हतो. नाव कुणालाच ठाऊक न्हाई.”

त्या दिवशी त्यांच्या तोंडावर बोललेलं माझं वाक्य मला आठवलं आणि मी तिथंच स्टुलावर बसलो. मला स्वतःची फार लाज वाटली, अजूनही वाटते.

भाच्याच्या लेखी ती रद्दी होती. मी मागून घेतली. माझी नात आता चार वर्षांची आहे, नाव विचारलं की गल्लीभर ऐकू जाईल असं सांगते. या दुसऱ्या नावाला तीन अक्षरं आहेत. मी ती उजेडात धरून एकदाच वाचली. कुणाला सांगितली नाहीत. जाळी मात्र अजून पाण्यात टाकलेली नाही.