अळीनं न खाल्लेला टाकळा

रानभाज्या विकणाऱ्या गुणाबाईचा टाकळा कायम भोकाभोकांचा. कामतघरच्या बायका नाकं मुरडायच्या, पण ही बया ऐकेल तर शपथ! बांधावरच्या टाकळ्यावर हळदीच्या रंगाची चिमुकली फुलपाखरं अंडी घालत आणि त्यांच्या हिरव्या अळ्या पानं कुरतडत. "जी अलीला चालते तीच भाजी मी इकतंय," म्हणायची.

त्र्याहत्तर सालच्या आषाढात मात्र दोन दिवस टोपली तशीच परत आली, आणि तिनं हट्ट सोडला. पहाटेच्या भुरभुरीत शेजारच्या मोरूच्या भातशेताच्या बांधावरचे कोवळे, बिनभोकांचे शेंडे खुडले. पाच जुड्या हातोहात खपल्या. शेवटची चाळीतल्या तुळजानं घेतली. "मावशी, आज कशी अक्कल सुचली?" गुणाबाई खुशीत हसली.

ऊन पडल्यावर ती आणखी खुडायला गेली. एरवी अशा उन्हात बांध नुसता पिवळा भिरभिरायचा. आज एकही फुलपाखरू नाही. गवतात चार-पाच मरून पडलेली दिसली. ती तशीच भातात उभ्या मोरूकडे गेली.

"मोरू, काय मारलंस रं?"

"पावडर. भाताला कीड हाय ना. पंधरवड्यात दोनदा मारली. बांधावर बी उडाली आसंल."

गुणाबाई पदर खोचून धावत सुटली. चार घरांतून जुड्या परत मिळाल्या, वर शिव्याही. तुळजाच्या दारात पोचली, तर तिची सहा वर्षांची गोदू भाजीची ताटली चाटत होती.

"तुळजा, भाजीवर इख हाय! उचल पोरीला!"

दोघी दवाखान्यात धावल्या. गोदूला उलट्या झाल्या, मग ती निपचित पडली. "संध्याकाळपर्यंत वाट बघायची," डॉक्टर म्हणाले. तुळजानं पोरीचा हात सोडला नाही, गुणाबाईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गुणाबाई दाराशी बसून त्या एवढ्याशा छातीचं खालीवर होणं बघत राहिली. श्वास जरा रेंगाळला की तिचाच जीव जायचा.

दिवेलागणीला गोदूनं डोळे उघडले. "आई, भूक लागली."

गुणाबाईला रडू फुटलं. पोरीच्या तोंडावरून हात फिरवायला ती पुढं झाली, तशी तुळजानं लेकीला झटकन जवळ ओढलं.

गुणाबाईला तिचा राग आला नाही. सोमवारपासून ती कापडाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. बायकांनी भाजीचं विचारलं की म्हणायची, "माज्या हातचं आता कोनी खाऊ नये."