एका मंडळाचे दोन गणपती

सोलापूर स्टेशनात गाडी शिरली आणि आईने कडक भाकऱ्यांचा डबा माझ्या हातात कोंबला. बाबा एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे प्रवाशाला द्यायच्या सूचना त्यांच्याकडे कायम तयार असतात. पाणी उकळून पी, खिडकीतून हात बाहेर काढू नको, आणि गाडी हलता हलता शेवटची: ‘‘तिकडे कुणाच्या भानगडीत पडू नको.’’ मी मान हलवली. इतिहासात एम.ए. करून घरी बसलेल्या मुलीला नोकरी द्यायला चेन्नई हे एकच गाव तयार झालं होतं, तेव्हा मान हलवण्यापलीकडे काही सुचतही नव्हतं.

तुम्ही जे सोलापुरातच राहिलात, आणि जे माझ्यासारखे पुणे, बंगळुरू, दुबई असे कुठेकुठे जाऊन पडलात, त्या सगळ्यांना हे सांगावंसं वाटतं. कारण बाबांचं मी ऐकलं नाही.

चेन्नईच्या टोकाला, सिरुसेरीच्या आयटी पार्कात आमची कंपनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठी धडे तयार करते. म्हणजे तिकडच्या पोरांना त्यांचाच इतिहास सोलापूरची मुलगी चेन्नईत बसून शिकवते. आईला हे अजून पटलेलं नाही. त्यांना स्वतःचा इतिहास येत नाही का, असं ती विचारते. मला चेन्नईत राहायला जागा मिळवून दिली विशालदादाने. मूळ लातूरचा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मराठी माणसाला चेन्नईत रक्त हवं असो, खोली हवी असो की गावाकडच्या गाडीचं तिकीट, दादाला फोन करायचा. तोच मला जुन्या चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात अक्कांकडे घेऊन गेला आणि त्यांच्या माडीवरची खोली मला मिळाली.

अक्का तंजावरी मराठी. त्यांचं घराणं महाराष्ट्रातून इकडे केव्हा आलं ते त्यांनाही नेमकं ठाऊक नाही. त्यांचं मराठी जुनं, तमिळच्या हेलात चालणारं. पहिले काही दिवस मी चक्क इंग्रजीत उत्तरं देत होते. बोळाच्या खालच्या बाजूला अशा जुन्या तंजावरी घराण्यांचा एक हॉल आहे, आणि चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती तिथेच बसायचा. शेवटच्या संध्याकाळी अक्कांचे यजमान कीर्तन करायचे. ते गेल्यावर अक्का स्वतः उभ्या राहू लागल्या. त्यांची मुलं घरात तमिळ बोलतात, नातवंडं इंग्रजी. वर्षातून ती एक संध्याकाळ अशी की चार लोकांसमोर अक्का त्यांच्या भाषेत बोलतात आणि कुणी मध्येच भाषा बदलत नाही.

गेल्या वर्षी मंडळाची निवडणूक लागली. तोवर त्याच चार-पाच घरांतली माणसं आलटून-पालटून पदाधिकारी असत. सिरुसेरीकडे आमच्यासारखी मंडळी मात्र भरमसाट वाढली होती. दादा उभा राहिला. ‘मंडळ सगळ्यांचं’ एवढंच त्याचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. मी त्याला मत दिलं, आजही देईन. तो दणक्यात निवडून आला. त्याच संध्याकाळी आमची सगळी पोरं जल्लोष करायला तिरुवल्लिकेणीच्या हॉलमध्ये घुसली. पावभाजीच्या बोटांनी कीर्तनाची पेटी वाजवून झाली, बुटांसकट माणसं गादीवर उभी राहिली. अक्का दारात उभ्या राहून, खाऊन घ्या, संकोच करू नका, असं सगळ्यांना सांगत होत्या.

आता गंमत बघा. कंपनीत त्या महिन्यात माझ्या वाट्याला आलेला धडा होता अमेरिकेतल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या राजकारणाचा. आडरानातून वर आलेला एक सेनापती, साध्या लोकांचा लाडका, राष्ट्राध्यक्ष होतो. शपथविधीला चाहत्यांची अशी झुंबड उडते की चिखलाचे बूट घेऊन लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरातल्या खुर्च्यांवर चढतात. मग तो जुने कारकून काढून आपली माणसं बसवतो. पुढे जकातीवरून उत्तर आणि दक्षिणेचं जुंपतं. उत्तरेतल्या कारखान्यांना परदेशी मालावर जकात हवी, कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेला ती नको. दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना राज्य म्हणतं, हा कायदा आमच्या हद्दीत लागू नाही. राष्ट्राध्यक्ष फौजेची भाषा करतो. शेवटी तडजोड होते, सगळे हुश्श करतात. हे सगळं लिहिताना मला पेटीवरची भाजी दिसायची आणि धडा पुढे सरकेना.

मी त्यात दोन वाक्यं घातली होती. तो कापूस ज्या गुलामांच्या घामावर पिकत होता त्यांना कुणी विचारलं नाही, आणि साध्या लोकांच्या याच लाडक्याने तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हाकललं. तिकडच्या संपादकबाईंनी कळवलं की वाक्यं खरी आहेत, पण वेगळ्या धड्यात घेऊ. मला राग आला. वेगळ्या धड्यात म्हणजे कुठे? ती माणसं तर याच धड्यात होती.

श्रावणात नव्या कार्यकारिणीचा ठराव आला. गणपती सिरुसेरीच्या क्लबहाऊसमध्ये, ढोल-ताशा, पोरांचे डान्स, आणि कीर्तन वेळेअभावी रद्द. जुन्या घराण्यांनी कळवलं की हा ठराव आमच्या हॉलला लागू नाही, आमचा गणपती नेहमीच्या जागी बसेल. दादा चिडला. बसवा, पण मंडळाच्या नावाने नाही, असं तो म्हणाला आणि सर्वसाधारण सभा बोलावली. मी त्याला फोन करून सांगितलं की निदान कीर्तन ठेव, अर्धा तास दे. ‘‘अगं, ते मराठी कुणाला कळतं?’’ तो म्हणाला. वाईट भावनेने नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

सभा क्लबहाऊसमध्ये झाली. गुडघ्यांमुळे अक्का आल्या नाहीत, जुन्यांपैकी जेमतेम काही जण मागच्या खुर्च्यांवर बसले होते. ठरावाच्या बाजूने हातांचं रान उठलं. मग दादाने विरोधातले हात मागितले. माझे हात मांडीखाली दाबलेले होते. तेवढ्यात बाबा आठवले, खोली आठवली, माझ्या आजारपणात दादाने दवाखान्यात काढलेली रात्र आठवली. तरी उजवा हात निघाला. दादाने माझ्याकडे पाहिलं. ‘‘तू पण, सोलापूर?’’ एवढंच म्हणाला आणि हात मोजून पुढे गेला.

ठराव मंजूर झाला. मी बसने घरी परतले. मी सगळं सांगितल्यावर अक्का तांदूळ निवडता निवडता थांबल्या. ‘‘परवाइल्लै,’’ म्हणाल्या, म्हणजे काही बिघडत नाही. आणि मग, ‘‘आम्ही इथे थोडकेच राहिलों, कण्णा, बाळा. पिढ्यान्‌पिढ्या. तूंही आज थोडक्यांत उभी राहिलीस. आतां तूं या गांवची.’’ मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. या गावची झाले तर त्या गावचं काय, हा प्रश्न मला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही. दादा अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. सोलापूरला गेले की आठवड्यात चेन्नईच्या फिल्टर कॉफीची आठवण येते, इथे आले की दारात गाडी लागल्यासारखी मी अर्धी उठलेलीच असते.

दोन गणपती बसले. मी आधी सिरुसेरीला गेले, ढोलावर नाचलेसुद्धा, खोटं कशाला बोलू. शेवटच्या संध्याकाळी तिरुवल्लिकेणीच्या हॉलमध्ये जुनी चार घरं आणि बोळातले तमिळ शेजारी होते. अक्का पेटीशेजारी उभ्या राहिल्या आणि रुक्मिणीची गोष्ट सुरू केली. तेवढ्यात आईचा फोन आला. गर्दी आहे का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. मग जिथे आपली माणसं जास्त तिथे जायचं ना, असं ती काळजीने म्हणाली. मला समजावता येईना, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. आई बराच वेळ ऐकत राहिली.

‘‘ही कुठली भाषा गं?’’

‘‘आपलीच, आई.’’

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. आईने बाबांना हाक मारून जवळ बसवलं आणि मला म्हणाली, ‘‘मग ठेवू नको फोन. ऐकू दे आम्हांला.’’