तायडे सर आणि अर्धा ष

अकोल्यात कापूस बाजारामागे तायडे सरांचा टायपिंगचा क्लास होता. सकाळी आम्ही मुली दाराशी ताटकळत उभ्या आणि आत सर प्रत्येक मशीनची एकेक कळ दाबून बघताहेत, आधी नुसती, मग शिफ्ट धरून. उमटलेला कागद उजेडात धरून पाहिल्याशिवाय मशीनला हात लावायची कुणाची टाप नव्हती. कळींवरची अक्षरं त्यांनी काळ्या रंगाने बुजवली होती. "डोयाचं काम नाई हे, बोटाले ठावं पायजे," हे ऐकून ऐकून कान किटायचे.

माझ्या मशीनमधला अर्ध्या 'ष'चा खिळा, म्हणजे कागदावर उमटणारं धातूचं अक्षर, तुटला. नवा लवकर मिळेना, म्हणून सरांनी भंगारातल्या मशीनचा खिळा काढला; तो मूळ जागी बसेना, तेव्हा डाग देऊन भलत्याच, फारशा न लागणाऱ्या कळीला बसवला. शिफ्ट तीच, बोट वेगळं. माझा हात तसाच बसला. परीक्षेला अमरावतीला क्लासमधली आपापली मशीन न्यायची पद्धत असल्यामुळे मला काळजी नव्हती.

परीक्षा तोंडावर आली आणि नवा खिळाही आला. सरांनी त्याच दिवशी तो मूळ जागी लावला.

"सर, परीक्षेपर्यंत राहू द्या ना तसंच!"

"अन् हापिसात काय करशीन? तिथं थोडंच माह्यावालं मशीन आये?"

मला त्यांचा भयंकर राग आला. बाबांनी एकदाच बसायची मुभा दिली होती. नापास झाले तर हिवरखेडचं स्थळ पक्कं. उतारा निघाला सरकारी. ओळीओळीला 'महाराष्ट्र', आणि दर वेळी बोट जुन्या जागी. नापास झाले.

निकालानंतर सर अकोल्याहून पातूरला, आमच्या गावी, अंगणात हजर.

"मास्तर, तुमी कावून आले?" बाबांनी विचारलं.

"दादा, पोरगी नाई, मी नापास झालो. खिळा चुकीच्या जागी मीच लावला."

"मंग तुमीच बसा परत. तिले कावून?"

"बसतोच. तिच्या बाजूले. तुमी फक्त तिले पाठवा."

बाबा आईला म्हणाले, "मास्तरले च्या टाक. हिवरखेडवाल्याले सांगतो, थांबा म्हनाव."

पुढच्या परीक्षेपर्यंत सर रोज माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले. मी पास झाले, अमरावतीला कचेरीत लागले.

काही वर्षांनी सर गेल्याचा निरोप आला. मी अकोल्याला पोचले तेव्हा बाबा पातूरहून आधीच येऊन, खांदा देऊन ओट्यावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "आपली चूक सांगाले कोनी एवढ्या दूर येते का, सांग बरं?"

मी त्यांच्याशेजारी बसून रडले.