केसरचं वजन

कुसुमताई गेल्या हे त्यांच्या दवाखान्यातल्या नर्सने दारात उभं राहून सांगितलं, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "असं कसं? आज तर वजनाचा दिवस." वेड्यासारखंच बोलले. वजनाचे दिवस संपून दहा-अकरा वर्षं झाली होती… पण आमची मैत्री त्या काट्यापाशीच जुळलेली. त्या साताऱ्याच्या, मी नागपूरची. जयपूरला येऊन पडलो नसतो, तर एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहिलो नसतो. माणसं तोडायला ताईंना एक वाक्य पुरायचं. मला पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "अक्षर बरं आहे का? मग दुपारी झोपा काढण्यापेक्षा माझ्याबरोबर चला."

पन्नासच्या दशकाची अखेर होती ती. चांदपोल दरवाजाच्या आतल्या एका मुलींच्या शाळेत ताईंनी अभ्यास मांडला होता. निम्म्या मुलींना रोज फुटाणे-शेंगदाण्याचा लाडू, निम्म्यांना तेवढाच गूळ-कणकेचा. पोटभर जेवूनही पोरी काटकुळ्या का राहतात, या प्रश्नाने त्यांना पछाडलं होतं. प्रथिनं मिळाली की वजन वाढतं हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. दर महिन्याला शिक्षिका नंबर आणि नाव पुकारायची, "हाज़िर" म्हणत मुलगी काट्यावर चढायची, ताई वजन सांगायच्या, मी वहीत उतरवून घरी त्याच्या रेघा काढायची. ताईंचा दंडक एकच. मुलीचा चेहरा बघायचा नाही. "गुबगुबीत गाल दिसले की हात आपोआप वजन पुढे सरकवतो, वहिनी." म्हणून त्या फक्त काट्याकडे बघायच्या आणि मी फक्त वहीकडे. त्या पोरींचे धुळीने भरलेले पाय मला अजून आठवतात, तोंड एकीचंही आठवत नाही.

सतरा नंबर, केसर, शेंगदाण्याच्या लाडवातली. होळीनंतर महिनाभर गैरहजर लागली, आणि उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर आली तेव्हा वजन चांगलंच घसरलेलं. सुट्टीत लाडू नव्हते, सगळ्याच उतरल्या होत्या. आम्ही मनावर घेतलं नाही. उंची आम्ही वर्षातून एकदाच, थंडीत मोजायचो. आणि मग सतरा नंबर अशी वाढू लागली की बाकीच्या मागे पडल्या. ताई हरखून गेल्या. दिल्लीला डॉक्टरांच्या सभेत त्यांना निबंध वाचायचा होता. त्याआधी ही पोर घरी काय खाते ते पाहून येऊ, म्हणून एका दुपारी मला घेऊन तिच्या घरी गेल्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घराच्या आतल्या चौकात केसरची आई मूग निवडत बसली होती.

ताईंनी कौतुकाने केसरचं नाव काढलं. बाईचा हात थांबला नाही. "केसर? बा तो होळी पाछै ई चली गी, बाईजी." होळीनंतर लगेच, दोन दिवसांच्या तापाने गेली होती.

"पण परवाच मी तिचं वजन केलं," ताई म्हणाल्या.

तेव्हा कुठे त्या बाईने मान वर केली. रडली नाही, दचकली नाही… आशेने विचारलं, "बढ्यो कांई?" वाढलं का?

वहीतली ती चढती रेघ माझ्याच हातची होती. चार महिने मी एका मेलेल्या मुलीला वाढवत होते. मग दाराआड हालचाल झाली. घोट्यापर्यंत आलेला शाळेचा झगा घालून एक लहान पोर उभी होती. केसरची धाकटी, धापू. मुलींवर मुली झाल्या की 'आता पुरे' म्हणून तिकडे हे नाव ठेवतात. लाडू फक्त वहीत नाव असलेल्यांना मिळायचा, म्हणून आईने थोरलीच्या जागी तिला पाठवलं होतं, नाव पुकारलं की 'हाज़िर' म्हणायला शिकवून. शिक्षिकेने डोळेझाक केली. आमचे डोळे तर आम्हीच मिटले होते.

टांग्यातून घरी आल्यावर ताई म्हणाल्या, "एकही चेहरा पाहिला नाही मी. बाकीच्या तरी खऱ्या कशावरून?" मी म्हटलं, सतरा नंबर खोडा आणि दिल्लीला जा. "खोडला तर उद्यापासून तिचा लाडू बंद, शाळाही बंद." चार वर्षांचं काम होतं ते. मला त्यांचा भयंकर राग आला, उघड सांगते. त्यांनी निबंध मागे घेतला आणि केसरचं नाव तसंच ठेवलं. पुढे त्या आधी प्रत्येकीचं तोंड बघायच्या, मग काटा. पुकारा व्हायचा "केसर", लाडू हातावर ठेवताना ताई वाकून तिच्या कानात म्हणायच्या, "धापू." मला ते दर वेळी नकोसं व्हायचं. एका काट्यावर दोघी चढल्यात असं वाटायचं.

गेल्या आठवड्यात ताईंची खोली आवरत होते. दारात अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आली, अंगाने चांगली भरलेली, कडेवर तान्हं. "मैं केसर," म्हणाली. शाळेच्या दाखल्यावर तेच नाव, सासरी तेच. आई गेल्या वर्षी वारली. "धापू तो फिर बस डॉक्टरनीजी ही कहती थीं," ती म्हणाली. आता ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. पदराचं टोक चाळवत ती म्हणाली, "आप एक बार बोल दो, भाभीजी."

मी हाक मारली, "धापू." ती माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी होती. तरी तिने वळून मागे, रिकाम्या दाराकडे पाहिलं.