भायर राव

मी तसा तापट. कोल्हापूरकडचा, त्यात घरात धाकटा, म्हणजे अपमान झालाय की नाही हे बघायच्या आधीच मला राग येतो. वीस वर्षांपूर्वी या रागापायी हातची नोकरी गेलीच होती.

गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत फिटरची जागा निघाली होती. घरून निघताना छातीठोक सांगितलं, "नोकरी घेऊनच येतो." नाही मिळाली तर दाजींच्या गुऱ्हाळावर आयुष्यभर जाळ घालत बसायचं, हे ठरलेलं. दाजी तर वाटच बघत होते.

म्हापशाला बस बदलून वेळेवर पोचलो. साहेबांच्या दारातून डोकं आत घातलं. ते फोनवर होते. वर न बघताच म्हणाले, "भायर राव."

बाहेर, राव! आमच्याकडे 'राव' मित्राला म्हणतात, कुणाला चिडवायचं असलं तरी म्हणतात. न भेटताच हाकलायचं आणि वर 'राव' लावायचं? डोक्यात तिडीक गेली. बॅग उचलली आणि तडक बसस्टँड गाठलं.

भूक मात्र रागाला जुमानत नाही. स्टँडच्या कोपऱ्यावर एक बाई गाड्यावर भाजी आणि उंडे, म्हणजे इकडचे गोल कडक पाव, विकत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "कितें जालें रे?"

मी सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच. त्या इतक्या हसल्या की भाजीचा डाव हातातून सुटला.

"अरे पिशा, राव म्हळ्यार थांब! भायर थांब, अशें सांगलें तांणी."

"म्हणजे जा नाही?"

"जा कित्याक? धांव आतां! तुजो उंडो हांव दवरतां."

धावलो. साहेब दारात उभे राहून मलाच शोधत होते. पाणी प्यायला गेलो होतो अशी थाप मारली आणि मशीनपुढे उभा राहिलो. हातात कसब होतं, ते मी कधीच लपवलं नाही. संध्याकाळी नोकरी घेऊन गाड्यावर गेलो, तर बाईंनी उंडा खरंच ठेवला होता.

आज साहेबांच्या खुर्चीत मी बसतो. माझ्या मुली माझ्याशी कोकणीतून भांडतात आणि जिंकतात. गेल्या महिन्यात बेळगावकडचे एक फिटर मुलाखतीला आले. मी फोनवर होतो. वर न बघता काहीतरी बोललो. फोन ठेवून बाहेर आलो, तर बाकडं रिकामं.

मग उमगलं, आपण काय बोललो ते. पोट सांभाळत फाटकाबाहेर पळालो. "ओ, थांबा! थांबा की राव!"

ते वळले. चेहरा रागाने लाल. तो राग बघून मला लाज वाटली आणि मायाही. त्यांना घेऊन आधी गाड्यावर गेलो. बाई आता थकल्यात, पण नजर तीच. त्यांनी त्या गृहस्थांचा चेहरा बघितला, मग माझा.

"आतां तूंय?" म्हणाल्या, आणि दोन उंडे पुढे केले.